मुलांची फी आणि आपला आयकर

(गणेशोत्सवात झालेले भाषण)



मी काही कर सल्लागार नाही, रुळांचा हिशेब ठेवणारा डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण मार्च जवळ आला की "मुलांच्या फीवर काही वाचतं का हो?" हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात निघतो, म्हणून चार शब्द.

कर आकारताना संसार पाहावा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९५५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांची करमुक्त मर्यादा २,००० रुपये केली, अविवाहितांची १,०००. पुढे काही वर्षे मुलांमागेही जादा सूट मिळत असे. हे देशमुख म्हणजे आपले रायपूर ज्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, तिथेच सनदी नोकरी केलेले गृहस्थ.

आज जुन्या करपद्धतीत दोन मुलांची ट्यूशन फी दीड लाखाच्या मर्यादेत उत्पन्नातून वजा होते. बसभाडे, देणगी त्यात धरत नाहीत. आता गणित पाहा. फी ४०,००० असेल, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या साहेबांचे १२,००० वाचतात, २० टक्केवाल्याचे ८,०००, आणि ज्याला करच नाही त्या ट्रॅकमनचे शून्य! फी मात्र तिघांनाही तेवढीच. शिवाय २०२३-२४ पासून मुळात लागू होणाऱ्या नव्या पद्धतीत ही वजावट नाहीच.

अमेरिकेत १९९८ पासून मुलामागे ठरावीक रक्कम थेट करातून कमी होते. २०२१ साली तर कर नसलेल्या कुटुंबांनाही ती पूर्ण मिळाली, सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० डॉलर. उत्पन्नातून वजावट आणि करातून सूट यांत फरक आहे तो हा.

आपल्या नोकरीत त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बालशिक्षण भत्ता. सातव्या वेतन आयोगानंतर तो मुलामागे दरमहा २,२५० होता, १ जानेवारी २०२४ पासून २,८१२.५० झाला. ट्रॅकमन असो वा अधिकारी, रक्कम एकच. दोन मुलांपर्यंत, बारावीपर्यंत. पती-पत्नी दोघे सरकारी नोकरीत असतील तर एकानेच घ्यायचा. दिव्यांग मुलासाठी दुप्पट. शाळेचा दाखला आणून वर्षाअखेर अर्ज करायचा, एवढेच काम. तरी गँगमधले कित्येकजण कागदाच्या धास्तीने मागे राहतात. आपल्यातल्या लिहित्या मंडळींनी त्यांचा फॉर्म भरून द्यावा, ही माझी विनंती.

आणि आपला मांडव बांधणारा, प्रसादाचा स्वयंपाक करणारा? त्याला ना कर, ना भत्ता. त्याच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी वर्गणीतला थोडा वाटा दरवर्षी बाजूला ठेवावा, असे मी मंडळाला सुचवतो. विद्येच्या देवतेचा उत्सव आहे, शोभेल आपल्याला.

गणपती बाप्पा मोरया!