पैसा भाषेवर, वेळ कोडवर

(चेन्नईतल्या मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात नांदेडहून भाचीचा फोन आला. तिची बारावी झाली आहे. म्हणाली, "मामा, आईनं बचत गटातून पंधरा हजार उचललेत. एकच क्लास होईल. पायथॉन करू की जर्मन?" मामा कॉम्प्युटरवाला, म्हणजे पायथॉनच सांगणार, अशी तिची खात्री होती. मी म्हटलं, पैसे जर्मनला भर, पायथॉन फुकट शीक. तसं का म्हटलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

मी समाजकल्याणच्या वसतिगृहातून थेट इथं ओएमआरवरच्या एका कंपनीत आलो. जावा शिकलो ते सिनियरनं दिलेल्या जुन्या पुस्तकावर आणि कॉलेजच्या लॅबमध्ये. कोड चुकला की कंपायलर चूक दाखवतो. तो आडनाव विचारत नाही, उच्चाराला हसत नाही, शंभरदा चुकलं तरी कंटाळत नाही. ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, त्या पोरासाठी ही लहान गोष्ट नाही. माझं घर त्यावरच उभं राहिलं.

पण कंपायलरच्या पलीकडे माणसं बसलेली असतात. आमचा ग्राहक जर्मनीतला होता. मॉड्यूल मी लिहायचो, कॉलवर बोलायचा दुसराच. का, तर माझं 'कम्युनिकेशन' कमी. बढतीच्या वेळी ग्राहकाला नाव ठाऊक असायचं त्याचं. त्या एका शब्दामागे माझं इंग्रजी किती आणि माझी जात किती, हे मला आजही सांगता येत नाही. मग दोन वर्षं शनिवार-रविवार जर्मनच्या क्लासला गेलो. वर्गात बहुतेक कॉन्व्हेंटची मुलं. दहा जणांसमोर मोठ्यानं चुकायचं धाडस मी तिथं शिकलो. पुढे एका कॉलवर तिकडच्या इंजिनिअरनं आपल्या सहकाऱ्याला जर्मनमध्ये विचारलं, हा भाग लिहिलाय कुणी? मी जर्मनमध्येच म्हटलं, मी. पुढच्या कॉलला त्यांनी मला नावानं बोलावलं.

कोडच्या जगात जात नसते, असं आपल्याला सांगितलं जातं. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेनं सिस्को कंपनीवर खटला भरला. आरोप असा होता की, एक दलित इंजिनिअर आयआयटीत राखीव जागेवर आला होता, हे वरिष्ठानं सहकाऱ्यांना सांगितलं आणि पुढे त्याला डावललं. कंपनीनं आरोप नाकारले. दोन वरिष्ठांवरचे वैयक्तिक दावे 2023 मध्ये मागेही घेतले गेले. निकाल काही असो, एवढं लक्षात ठेवा की, असं काही घडलं तर तक्रार कोडमध्ये लिहिता येत नाही. ती माणसाच्या भाषेत लिहावी लागते, आणि ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहावी लागते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः मिळवलं, पाली मिळवली, जर्मन शिकले. 1921 मध्ये बॉन विद्यापीठाला त्यांनी स्वतःच्या हातानं जर्मनमध्ये पत्र लिहिलं. आपल्यासाठी जे दार बंद केलं होतं, ते भाषेचं होतं, हे ते विसरले नाहीत.

आणि मी स्वतः काय केलं? या शहरात चार वर्षं राहून मी तमिळ शिकलो नाही. म्हणायचो, उपयोग काय? एका तमिळ मित्रानं रेट्टैमलै श्रीनिवासन यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा लाज वाटली. 1893 मध्ये याच शहरातून त्यांनी 'परैयन' हे पत्र काढलं. दक्षिण आफ्रिकेत न्यायालयात दुभाषा म्हणून पोट भरलं. लंडनच्या गोलमेज परिषदेत ते बाबासाहेबांच्या शेजारी अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. बाबासाहेबांच्या सोबत्याचं नाव मला चेन्नईत येऊन, तेही चार वर्षांनी कळलं!

कुणी म्हणेल, आता भाषांतर मशीन करतं. करतं, आणि कोडही लिहितं. पण मुलाखतीत समोरचा तुमच्याकडे बघतो, मशीनकडे नाही.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. कोडला सराव लागतो. तो जुन्या लॅपटॉपवर, रात्री, एकट्यानं होतो. बोलायला समोर माणूस लागतो, आणि आपल्या वस्तीत जर्मन किंवा जपानी बोलणारा माणूस नसतो. जे घरात मिळत नाही, त्यावर पैसा घाला. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटायची आहे, त्यानं आधी कोडवर नोकरी धरावी. त्यात कमीपणा नाही. फक्त भाषा ही श्रीमंतांची हौस आहे असं समजून तिथंच थांबू नये.

सरकारकडेही मागायला हवं. 2024 मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 10,000 कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक: ही कामं आपलीच मुलं करतात. मग जर्मनचा वर्ग समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात का नको?

तोवर आपण आपलं करू. पुढच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा मी जर्मन शिकवीन, फी नाही. जावाची अडचण असेल तर तीही आणा. आणि तुमच्यापैकी कुणाला तमिळ नीट वाचता येत असेल, तर त्यानं मला शिकवावं. मी अजून अडखळतोच.

जय भीम.