सुवर्णदुर्गाचा मनोरा

नाशिकजवळ गोदातीरीं आनंदवल्ली येथें राघोबादादांनीं वाडा बांधला. १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह करून त्यांनीं घरच्या भांडणांत परक्यास बोलाविलें, हा दोष इतिहास त्यांच्या माथीं मारतो. परंतु हा मार्ग वीस वर्षें अगोदर दादांच्याच वडील बंधूंनीं, नानासाहेब पेशव्यांनीं, कोंकणच्या समुद्रावर दाखविला होता. त्या प्रसंगीं पुढें आलेला इंग्रज दर्यावर्दी म्हणजे विल्यम जेम्स.

१७२१ च्या सुमारास वेल्समधील मिलफर्ड हेवन बंदराच्या परिसरांत जन्मलेला हा गृहस्थ १७४७ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत शिरला, आणि १७५१ मध्यें मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला. त्या काळीं कान्होजी आंग्र्यांचा पुत्र तुळाजी पेशव्यांस जुमानीत नव्हता. त्याची खोड मोडण्यासाठीं पेशव्यांनीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. एप्रिल १७५५ मध्यें जेम्सनें ४४ तोफांचें ‘प्रोटेक्टर’ जहाज हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर घातलें. पेशव्यांचीं गलबतें दूरच राहिलीं. तोफांच्या माऱ्यानें किल्ल्यांत आग लागली, दारूचें कोठार उडालें आणि दुर्ग पडला. पुढील फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांच्या स्वारींतही तो होता. विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला, तो पुन्हां सुटला नाहीं. इंग्रजांच्या पदरीं बाणकोट आलें.

वैरी बुडाला, पण त्याच्याबरोबर मराठ्यांचें समुद्रावरील बळही बुडालें.

जेम्स १७५९ मध्यें स्वदेशीं परतला. विजयाच्या कीर्तीवर तो कंपनीचा डायरेक्टर, १७७४ पासून पार्लमेंटचा सभासद व १७७८ मध्यें बॅरोनेट झाला. १७७९ मध्यें तो कंपनीचा अध्यक्ष होता. त्याच वर्षाच्या जानेवारींत दादांना घेऊन पुण्यावर निघालेल्या इंग्रजी फौजेस वडगांवीं शरण यावें लागलें. ज्या राज्याचा मित्र म्हणून त्यानें तोफा डागल्या, त्याच राज्याशीं आतां त्याची कंपनी झुंजत होती.

डिसेंबर १७८३ मध्यें गोदेकांठीं कोपरगांवास राघोबादादा निवर्तले. त्याच महिन्यांत इंग्लंडांत जेम्सचाही अंत झाला. त्याच्या विधवेनें दुसऱ्या वर्षीं लंडनजवळील शूटर्स हिल या टेकडीवर त्रिकोणी मनोरा उभारला. सुवर्णदुर्गाचें नांव इंग्रजी जिभेवर ‘सेव्हर्नड्रूग’ झालें, आणि तें त्या मनोऱ्यास मिळालें. मनोरा अद्याप उभा आहे. इंग्रजानें तो विजयाचें स्मारक म्हणून बांधला. मराठी माणसानें मात्र घरचें वैर परक्याच्या हातून मिटविण्याची किंमत त्यावर वाचावी.