‘मधुमती’चं जंगल

नान्नजचं माळरान पाहत वाढलेल्या आम्हां सोलापूरकरांना धुक्यातलं जंगल दाखवलं ते बिमल रॉय यांच्या १९५८ च्या ‘मधुमती’नं. नैनीतालचं बरंचसं चित्रण खराब निघालं, तेव्हा आपल्या इगतपुरीजवळ वैतरणेकाठी पाइनची खोटी झाडं रोवून ते पुन्हा केलं होतं.

जमीनदारापायी जीव गमावलेली डोंगरातली मधुमती. तिच्यासारखी दिसणारी माधवी तिचं सोंग घेऊन त्याच्याकडून गुन्हा वदवून घेणार असते. तो कबूल होतो आणि मग माधवी धावत येते, तिला उशीर झालेला असतो! मग आधी आली ती कोण?

पुढचा पुनर्जन्म माझ्या श्रद्धेत बसत नाही. पण मजलुमाची, पिचलेल्या माणसाची हाय वाया जात नाही, हे मी इमानानं मानतो.