आजोबांना विचारा

गोष्ट मे २०१० मधली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा घरात असून नसल्यासारखे. मुलांच्या सुटीचं निमित्त करून आम्ही त्यांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेलं. मार्वेहून बोटीनं गेलो. मुलं पाळण्यांत बसून ओरडत होती आणि बाबा बाकावर आमच्या पिशव्या सांभाळत होते. उगाच आणलं यांना, असं मला वाटू लागलं.

परतण्याआधी शेजारच्या विपश्यना पॅगोडात शिरलो. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या घुमटाखाली ८ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. पण आत आधाराला एकही खांब नाही.

"आजोबा, मग हा पडत कसा नाही?" मुलीनं विचारलं.

बाबांची उभी हयात बांधकामात गेलेली. ते बोलू लागले, "अगं, दगड एकमेकांत गुंतवलेत. प्रत्येक दगड शेजारच्याला धरून उभा आहे."

कित्येक महिन्यांनी ते इतकं बोलले. बोटीतही दोघांच्या गप्पा संपेनात.

एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. मला त्या दिवसातला तो एक प्रश्नच आठवतो. वडीलधाऱ्यांना सहलीला जरूर न्या. पण नुसत्या पिशव्या सांभाळायला नको. त्यांना काही विचारावंसं वाटेल, असं एक ठिकाण वाटेत ठेवा.