नाव लहान करता येते, पाणी नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'माझा छंद' हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. आपल्यात डॉक्टर आहेत, तहसील कार्यालयातले आहेत, दोघंतिघं परदेशातून आले आहेत. मी मात्र इथंच राहिलो. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या शेतातली जळालेली पाणबुडी मोटार कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेली आहे, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नाही.

छंद म्हणाल तर मी रिमोटवर चालणाऱ्या विजेच्या नावा बांधतो. मुंबईचा समुद्र इथून रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास. मार्चनंतर आपल्याकडं नदीतही पाणी शोधावं लागतं. अशा गावात माणूस नाव बांधतो म्हटल्यावर लोक हसणारच. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्याला ऐकवली जाते, तर म्हटलं, बनते का बघू.

रिमोटवर चाललेल्या पहिल्या वस्तूंमध्ये नावच होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत एक छोटी नाव बिनतारी लहरींवर चालवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. आज मुलं ड्रोन उडवतात, त्या घराण्यातली ही आजी म्हणायची.

मी निवडलेली नाव म्हणजे आपल्या तटरक्षक दलाची इंटरसेप्टर बोट. हाजिऱ्याला बांधलेल्या या बोटी सुमारे २८ मीटर लांब, १०५ टन वजनाच्या आणि ४५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ८३ किलोमीटर वेगाच्या. मी प्रमाण धरलं एकास तीस. लांबी आली ९३ सेंटिमीटर. इथवर सोपं आहे. पुढं आपल्या भूमितीच्या सरांचं काम लागतं. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. लांबी तीस पटींनी कमी झाली की वजन तीसच्या घनानं, म्हणजे सत्तावीस हजार पटींनी कमी व्हायला हवं. १०५ टनांना २७,००० नं भागा. उत्तर येतं ३ किलो ९०० ग्रॅमच्या जरा खाली. तेवढ्यात नाव, मोटारी, बॅटरी, रंग सगळं बसलं, तरच ती पाण्यात मोठ्या बोटीसारखी बसते. अर्धा किलो जास्त झाला की रंगवलेली पाणरेषा पाण्याखाली जाते.

वेगाचं गणित आणखी वेगळं. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात टॉर्की इथं लांब हौद बांधून त्यातून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढल्या. त्याचा नियम असा की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करायचा. तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या आसपास. म्हणजे माझी नाव ताशी १५ किलोमीटरनं गेली, तर तिच्यामागं उठणारी लाट खऱ्या बोटीच्या लाटेसारखीच दिसणार. बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या नावा ४०च्या वेगानं उड्या मारत जातात. गंमत येते, पण ती बोट वाटत नाही. नाव आपण लहान करतो. पाणी मात्र तेच राहतं, तेवढंच जड आणि तेवढंच चिवट. मोठी धरणं-बंदरं बांधण्याआधी त्यांच्या प्रतिकृती करणारी खडकवासल्याची १९१६ पासूनची संस्था आपल्याच राज्यात आहे. तिथलं कामही याच हिशेबावर चालतं.

आता बांधणी. तीन मिलिमीटर प्लायवूडच्या फासळ्या कापल्या, मधे कणा घातला आणि वर दीड मिलिमीटरचं प्लाय वाकवून चिकटवलं. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा. वरून फायबरचं पातळ कापड आणि रेझिन. हे सामान शोधायला मुंबईला जावं लागलं नाही, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात फायबरचे कूलर दुरुस्त करणारे आहेत. रेझिन किती लावायचं हे त्यांनीच शिकवलं. कापड भिजलं की बस, वर चमक आली म्हणजे फुकटचं वजन. प्रत्येक भाग मी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला आणि भिंतीवर हिशेब लिहीत गेलो. सांगाडा आणि रंग १,४०० ग्रॅम. मोटारी, दांडे, पंखे ६००. बॅटरी ४००. स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर, सुकाणूचा सर्व्हो ३००. केबिन आणि वरचं बारीक काम ४००. बेरीज ३,१००. म्हणजे ८०० ग्रॅम हातात शिल्लक राहिले. ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

खरी बोट पाण्याचा झोत मागं फेकून चालते. मी दोन पंखे बसवले, एक उजवा आणि एक डावा. दोन्ही एकाच बाजूला फिरले तर नाव एका अंगावर कलते, उलटसुलट फिरले की सरळ राहते. मोटारी ब्रशलेस, ७०० केव्हीच्या. हे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला किती फेरे, तो आकडा. ११.१ व्होल्टची बॅटरी दिली की मोकळी मोटार मिनिटाला ७,७०० च्या वर फिरते. दांडा जिथून तळातून बाहेर जातो, तिथं पितळी नळीत ग्रीस भरलं. आपल्या पंपाच्या ग्लँडसारखंच काम.

पंख्याबद्दल एक गोष्ट मुलांना मी नेहमी सांगतो. ४० मिलिमीटरचा पंखा काढून ४५ चा लावला, तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण तेवढेच फेरे ठेवायला शक्ती लागते व्यासाच्या पाचव्या घाताच्या हिशेबानं, म्हणजे १.८ पट. मोटार तापते, वार्निश जळतं, आणि मग माझ्यासारख्याचं दुकान चालतं. शेतात मोटारीला न झेपणारा पंप जोडला की हेच होतं, मित्रहो.

पहिली चाचणी गुरांच्या हौदात, फक्त तरंगण्याची. दुसरी एका मित्राच्या शेततळ्यात. बॅटरीचा ट्रे पुढंमागं सरकेल असाच केला होता. मागं सरकवली की नाव घोड्यासारखी पुढचं टोक आपटत जाते, फार पुढं नेली की टोक पाण्यात खुपसते. समतोलाचा बिंदू मागच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर आला, तेव्हा ती पाण्यावर टेकून सुरेख धावली. मागं तीच लाट उठली. आमच्या सौभाग्यवतींनीसुद्धा टाळी वाजवली, आणि त्यांनी माझ्या कोणत्याही मोटारीला आजवर टाळी वाजवलेली नाही.

छंद इथं पुरा झाला असता. पण आपल्याच वर्गातला एक मित्र त्याच्या गावचा सरपंच झाला. नाव घेत नाही, तो मागच्या रांगेत आहे आणि लाजेल. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. त्याच्या गावच्या पाझर तलावातूनही गाळ काढायचं ठरत होतं. प्रश्न होता, पोकलेन लावायचं कुठं? गावातले जुने लोक सांगत, भिंतीपाशी दोन परस पाणी आहे. मोजायचं तर एखादा पोरगा दोरी घेऊन पाण्यात उतरणार. तळाशी चिखल, वर बेशरमाची झुडपं. पोरांना पाण्यात उतरवायचं नाही, यावर आम्हा दोघांचं पहिल्या मिनिटात एकमत झालं.

तिथून माझ्या नावेचं रूप बदललं. वरची केबिन काढली. शिल्लक ८०० ग्रॅममध्ये मासेमारी करणारे वापरतात तो खोली मोजणारा यंत्रसंच आणि जागा नोंदवणारा जीपीएस बसवला. हे यंत्र तळाकडं आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. तीन मीटर खोल तळावरून परत यायला एका सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. पण नाव वेगात असली की तळाखाली बुडबुडे येतात आणि प्रतिध्वनी तुटतो. म्हणजे ज्या वेगासाठी एवढी खटपट केली, तोच आता नको होता. ९३ सेंटिमीटरची नाव सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास पोचली की स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. आम्हाला सेकंदाला एक मीटर हवा होता, सरळ रेषेत, न हिसकता.

ब्रशलेस मोटार फार हळू चालवली तर धक्के देते. इथं मात्र माझा धंदा कामी आला. दोन्ही मोटारींची तार काढली आणि बारीक तारेचे दुप्पट वेढे घातले. वेढे दुप्पट, तर केव्ही निम्मा. ७०० ची झाली ३५०. आता तीच बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांऐवजी तासाच्या वर पुरू लागली. पंख्यांभोवती तारेची जाळी लावली, झुडपांच्या काड्या अडकू नयेत म्हणून.

ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर, ग्रामपंचायतीच्या परवानगीनं आम्ही तलावावर गेलो. आपल्या शाळेची नववीची तीन मुलं बरोबर होती. पाण्याचा पसारा साधारण एक हेक्टर. मुलांनी काठावर दर दहा मीटरला काठी रोवली आणि नाव एका काठीकडून समोरच्या काठीकडं नेली. बघायला अर्धं गाव भिंतीवर. एका आजोबांनी विचारलं, "ह्यानं पाणी वाढणार हाय का, भाऊ?" नववीतली मुलगी म्हणाली, "वाढणार न्हाई आजोबा, पण किती हाय ते कळंल."

कळलं ते असं. भिंतीपाशी जास्तीत जास्त सव्वादोन मीटर, म्हणजे दोन परस कुठलंच नाही. सगळ्यात खोल भाग निघाला जुन्या ओढ्याच्या पात्रात, भिंतीपासून बराच आत. आकड्यांची खात्री करायला काठालगत चार ठिकाणी खुणांची दोरी टाकून पाहिली, जुळलं. पण खोलीचा नकाशा म्हणजे गाळाचा नकाशा नव्हे. गाळ किती, हे कळायला मूळ तळ कुठं होता ते हवं. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटल्यावर लोखंडी सळई खुपसून मऊ थर मोजला. भिंतीच्या बाजूला तो मीटरभराच्या वर होता. भिंतीच्या पायथ्यापासून किती अंतर सोडून खोदायचं, हे अभियंत्यानं ठरवलं. पोकलेन कुठं लावायचं, ते ग्रामसभेनं नकाशा समोर ठेवून ठरवलं. भांडण झालं नाही असं म्हणत नाही, पण ते आकड्यांवर झालं.

आणि एक हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला, तो सांगतो. एक हेक्टरवर सरासरी दोन मीटर पाणी म्हणजे दोन कोटी लिटर. गाव दोन हजारांचं. माणशी ५५ लिटर धरले तर रोज १ लाख १० हजार लिटर. म्हणजे सहा महिन्यांचं पाणी, असं वाटतं. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दिवसाला सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त पाणी नुसतं वाफ होऊन जातं. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. जवळजवळ गावाएवढंच पाणी रोज ऊन पितं. तेच पाणी खोल आणि कमी पसरलेलं असेल तर ऊन कमी पितं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या तळ्यात किती आहे हे माहीत नसलेल्या माणसाला ते कधी संपणार हेही माहीत नसतं.

आता माझी मागणी. एकदा मोजून काही कळत नाही. दरवर्षी ऑक्टोबरात, त्याच काठ्यांवर, तोच तलाव मोजला तर पाच-सात वर्षांनी गाळ कुठून येतो आणि किती येतो ते दिसेल. हे काम शाळेनंच करावं, कारण माणसं बदलतात, सरपंच बदलतात, पण नववीचा वर्ग दरवर्षी येतो. माझी ही नाव मी आज शाळेला देत आहे. मुख्याध्यापिका बाईंनी कार्यानुभवाच्या खोलीत एक टेबल मोकळं करून द्यायचं कबूल केलं आहे. आपल्या बॅचनं एक चांगला व्हाइस, दोन सोल्डरिंग गन, एक काटा आणि एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर द्यावं. महिन्यातून दोन शनिवार मी येईन. बॅटरी चार्ज होत असताना खोलीत मोठं माणूस हजर पाहिजे आणि पाण्यात कोणी उतरायचं नाही, हे दोन नियम रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवले आहेत.

परदेशातल्या मित्रांना सांगतो, पैसे नंतर द्या. पुढच्या ऑक्टोबरात सुटी मिळाली तर या. काठ्या रोवायला माणसं कमी पडतात.