वैद्य, रोगी आणि संगणक

पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर सातारा, सांगली, कोल्हापूर इकडील एस. टी. गाड्या दिवसभर येत असतात. त्यांतून औषधोपचारासाठीं आलेले रोगीही उतरतात, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हातांत पिशवी, आणि पिशवींत चुरगळलेल्या चिठ्ठ्या व अहवाल! त्यांतील एखादा कागद घरीं राहिला, तर नव्या डॉक्टरास पूर्वेतिहास कळावा कसा? न सोसणारें औषध अजाणतां दिलें गेलें, तर प्राणावरच बेतावयाचें.

ही अडचण ओळखून भारत सरकारनें २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलें. त्यांत नागरिकास १४ आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. निरनिराळ्या दवाखान्यांतील नोंदी त्यास जोडतां येतात, व रोग्याच्या संमतीनें दुसऱ्या डॉक्टरास पाहतां येतात. योजना उत्तम, परंतु नोंद करावयाची कोणीं, आणि केव्हां?

खरी मेख येथेंच आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत असें आढळलें कीं, डॉक्टर रोग्यासमोर एक तास घालवीत, तर संगणकावरील नोंदी व कारकुनी काम यांत त्यांचे आणखी जवळजवळ दोन तास जात. वहींत एकदां व संगणकांत पुन्हां लिहावयाचें असेल, तर हा भार अधिकच वाढतो. शिवाय रोग्याचा चेहरा, चाल, बोलतांना लागणारी धाप हीं मान वर करून पाहिल्यावांचून दिसत नाहींत.

तेव्हां काम वांटून द्यावें, हाच उपाय. ऑक्टोबर २०२२ मध्यें दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयांत नवी सोय झाली: रोग्यानें तेथील क्यूआर चिन्ह मोबाइलनें टिपलें कीं नांव, वय आपोआप नोंदलें जातें. त्याचप्रमाणें वजन व रक्तदाब परिचारिकेनें नोंदावा, तपासणीचा अहवाल प्रयोगशाळेंतून परस्पर यावा, आणि डॉक्टरांकडे निदान व औषध एवढेंच लिहिणें राहावें. यंत्रानें इशारा द्यावा तो मोठ्या धोक्याचाच. ऊठसूट दिला, तर ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या पोराप्रमाणें त्याचें कोणी ऐकणार नाहीं.

अशीं यंत्रें रचणाऱ्यांनीं प्रथम एखाद्या गर्दीच्या सकाळीं दवाखान्याच्या कोपऱ्यांत बसावें, आणि तेथील कामें कोणत्या क्रमानें चालतात तें पाहावें. त्या क्रमांत जें यंत्र बसेल तेंच टिकेल. इतरांवर झांकण पडून राहील.