बगलफूट खुडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण करण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवरच्या टोमॅटोविषयी चार शब्द सांगा." माझे ज्ञान चार डब्यांचे आणि तीन वर्षांचे. त्यातली दोन वर्षे तर चुकण्यातच गेली. पण त्या चुका तुमच्या उपयोगी पडतील, म्हणून उभी राहिले आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेले होते, हे तुम्हाला आठवत असेल. चिंच-आमसुलावर आपण दिवस काढले. तेव्हा मी रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडून चार रोपे लावली. त्याच वर्षी उन्हाळ्यात मामंजी वारले होते आणि सासूबाई खोलीबाहेर येईनाशा झाल्या होत्या. रोपे लावल्यावर मात्र त्या रोज सकाळी तांब्या घेऊन गच्चीत येऊ लागल्या. मला टोमॅटोपेक्षा त्याचेच अप्रूप वाटे.

सासूबाई म्हणाल्या, "वाढत्या झाडाला नख लावू नये." मी लावले नाही. झाडांचे रान माजले. पाने एकमेकांत गुंतली, श्रावणसरींनी भिजलेली सुकेनात, आणि करपा पडला. हाती आले जेमतेम किलोभर.

दुसऱ्या वर्षी मुलीने मोबाईलवर दाखवले, की बगलफूट काढावी लागते. पान जिथे खोडाला चिकटते त्या बेचक्यातून नवा कोंब निघतो, ती बगलफूट. मी उत्साहाने कात्री घेतली आणि चारही झाडांचा एकूण एक कोंब काढला. झाडे दोन फूट वाढली आणि थांबली. फांदी नाही, तर फूल कुठून येणार? सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला, तो आठ दिवस उचलला नाही. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

दिवाळीला थोरल्या वन्सं आल्या. त्या पिंपळगाव बसवंतजवळ दिलेल्या, टोमॅटोच्याच मुलखात. झाडे पाहून म्हणाल्या, "अगं, जात न विचारता कात्री कशी लावलीस?"

भगिनींनो, मुख्य गोष्ट हीच. टोमॅटो दोन स्वभावांचा असतो. एक झुडपी. तो ठरावीक उंचीवर थांबतो आणि त्याचे पीक बाजूच्या फांद्यांवरच येते. रोमा आणि पुसा अर्ली ड्वार्फ या जाती अशा. यांची फक्त जमिनीलगतची पाने आणि पहिल्या फुलोऱ्याखालचे कोंब काढावेत, वरच्यांना हात लावू नये. दुसरा उंच, वेलासारखा वाढतच राहणारा. पुसा रूबी त्यातली. याला काठी-सुतळीचा आधार द्यावा आणि बगलफूट खुडत राहावे. रोप घेताना रोपवाटिकेत आधी हे विचारा. मी विचारले नव्हते.

आता खुडण्याची रीत. रोप लावल्याबरोबर घाई करू नये. ते रुजून पहिला फुलोरा दिसला, की सुरुवात करावी. कोंब बोटाच्या दोन पेरांएवढा असतानाच चिमटीत धरून मोडावा, कात्री लागत नाही. फुलोरा बेचक्यातून येत नाही, तो थेट खोडावर दोन पानांच्या मधे येतो. एवढे ओळखले म्हणजे फूल तुटण्याची भीती नाही. नवशिकीने पहिल्या फुलोऱ्याच्या लगेच खालचा एक कोंब राखावा. त्याचे दुसरे खोड होते आणि एक मोडले तरी दुसरे उरते. खुडायचे ते कोरड्या हवेत, सकाळचे दव वाळल्यावर. ओली जखम रोगाला बोलावते. मातीला टेकणारी पाने काढावीत, कारण पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग तिथूनच चढतो. वरची पाने मात्र ओरबाडू नयेत. आपल्याकडच्या उन्हात फळ उघडे पडले, तर त्यावर पांढरे चट्टे उठतात.

आणखी एक. मिसरी किंवा तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवू नका. त्यातून पानांवर पिवळे-हिरवे डाग पाडणारा रोग येऊ शकतो. हात साबणाने धुऊनच खुडायला बसा.

तिसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, मी विचारून उंच जातीची रोपे आणली. पहिला कोंब खुडला तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. माझा हात थरथरला, खोटे कशाला सांगू? त्यांनी तो कोंब माझ्या हातून घेतला आणि पाण्याच्या पेल्यात ठेवला. म्हणाल्या, "टाकायचा कशाला?" दहा-बारा दिवसांत त्याला पांढऱ्या मुळ्या फुटल्या. टोमॅटोचा कोंब असा जगतो, हे मला ठाऊकच नव्हते. नख लावू नये म्हणणाऱ्या सासूबाई मग रोज सकाळी स्वतःच विचारू लागल्या, "आज खुडायचे काही आहे का गं?"

त्या हंगामात घरी पुरून शेजारी देण्याइतके टोमॅटो निघाले. आमच्या खिडकीत आता पेल्यांची रांग असते. ज्यांना हवा असेल त्यांनी घरी येऊन एक-एक कोंब न्यावा, पेला मात्र परत आणून द्यावा. सासूबाई ते मोजून ठेवतात.